पंचेचाळीसचं बटण

रविवारी सकाळी मी रेकॉर्ड लावायला घेतली की बायको भाजीची पिशवी उचलते. "लावा तुमची भांडणं, मी येते तासाभरात," म्हणते आणि चपला घालून जिना उतरते. तिच्या मते मी ऐकतो ते संगीत नाही, चार माणसांनी चार वाद्यं हातात घेऊन केलेलं भांडण आहे. लग्नाला चोवीस वर्षं झाली. तिला पटवून देण्याचा नाद मी कधीच सोडलाय.

अवांगार्द जॅझ म्हणतात त्याला. ठेका असेलच असं नाही, गुणगुणावी अशी चाल तर नसतेच. वाजवणाऱ्याला जागच्या जागी जे सुचेल ते तो वाजवतो आणि कधीकधी सॅक्सोफोनमधून असा आवाज काढतो की शेजारचे दार उघडून जिन्यात डोकावतात. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर येऊन विचारून गेल्या, मिक्सर बिघडलाय का म्हणून. मला अशा वेळी फार राग येतो. हीच माणसं लग्नात डीजेपुढे छाती हादरेपर्यंत उभी राहतात, आणि माझ्या दोन चिमुकल्या स्पीकरचा त्यांना त्रास होतो! रागाच्या बाबतीत मी तसाही कच्चाच आहे. आधी बोलून मोकळा होतो, मग दोन दिवस झुरतो. पुढं जे सांगणार आहे त्यातही तेच झालं.

मी नांदेडला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. शेतकरी पिशवीत माती घेऊन येतात, मी तिचा सामू काढतो, क्षार बघतो आणि कागदावर लिहून देतो. एका प्रशिक्षणासाठी महिनाभर हैदराबादला होतो, तेव्हा रविवारच्या जुन्या बाजारात फुटपाथवर रेकॉर्डचा ढीग दिसला. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्ड लोक भराभर उचलत होते. एक मात्र कोणी हातात घेईना. कव्हरवर ना नट ना नटी, नुसते काळ्या रंगाचे फराटे. विकणाऱ्यानंच मला अडवलं, "ये मत लेव साब, इसमें कुछ खराबी है. बजाके देखा मैं." खराबी काय आहे ते बघावं म्हणून मी ती घेतली. रेकॉर्ड प्लेअर त्यानंतर घेतला, म्हणजे घोड्याआधी लगाम. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मलाही वाटलं, खराबीच आहे. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की सॅक्सोफोनवाला चिडलेला नाही. तो फार आनंदात आहे आणि तो आनंद कसा सांगावा हे त्याला सुचत नाहीये. त्या दिवशी मी कामातून गेलो.

आज माझ्याकडे तीनशेच्या वर रेकॉर्ड आहेत. कुरिअरवाला चौकोनी खोका हातात देताना दर वेळी विचारतो, "सर, फोटोफ्रेम का?" मी हो म्हणतो. समजावत बसलं तर त्याचीही ड्युटी बुडेल.

माझ्यासारखा बिघडलेला दुसरा माणूस आसपासच्या जिल्ह्यांत एकच, आणि तो लातूरला औषधाचं दुकान चालवतो. इंटरनेटवर अशा रेकॉर्डच्या शौकिनांचा एक गट आहे, जगभरचे लोक त्यात आपापलं ज्ञान पाजळत असतात. तिथं एकदा कुणीतरी अस्सल मराठीत शिवी दिलेली दिसली. मी ताबडतोब त्याला गाठलं. तेव्हापासून एका महिन्यात मी लातूरला जातो, दुसऱ्या महिन्यात तो नांदेडला येतो. दुपारभर ऐकतो, भरपूर वाद घालतो आणि संध्याकाळच्या एसटीनं आपापल्या घरी परततो. असा मित्र मिळणं ही माझ्या आयुष्यातली मोठी कमाई आहे, हे मी त्याच्या तोंडावर कधी सांगणार नाही.

या तीनशेत एक रेकॉर्ड माझ्या जिवाची. युरोपातल्या कुणा माणसानं स्वतःच काढलेली, थोड्याच प्रती छापलेली. पांढरं कव्हर, त्यावर रबरी शिक्का, अक्षरं जर्मन. एकच माणूस एकटाच क्लॅरिनेट वाजवतो, साथीला कोणी नाही. खोल, घोगरा, संथ आवाज. एकेक स्वर तो इतका लांबवतो की आता संपेल, आता संपेल असं वाटत राहतं. तो संपला की वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, सावकाश, भरून घेतलेला, घाई नसलेला. मी ती रेकॉर्ड त्या श्वासासाठी लावायचो. आई लातूरच्या दवाखान्यात होती, त्या महिन्यांत दर शनिवारी मी तिकडं जायचो आणि रविवारी दुपारी परत आलो की हात-पाय धुऊन आधी हीच रेकॉर्ड लावायचो. हळूहळू माझाही श्वास त्या माणसाच्या श्वासाबरोबर चालायला लागायचा आणि छातीतलं ओझं थोडं उतरायचं. आई गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यातही मी तीच ऐकली.

लातूरच्या मित्राला ऐकवली तेव्हा तो बराच वेळ डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "ही तिकडची विपश्यना आहे." मला ते इतकं पटलं की मी त्या रेकॉर्डवर एका छोट्या दिवाळी अंकात लेखच लिहिला. युरोपातल्या घाईगर्दीला एका कलावंतानं आपल्या संथ श्वासानं कसं उत्तर दिलं आहे, वगैरे. चार ओळखीच्यांनी वाचला, दोघांनी बरा आहे म्हटलं.

आता वडिलांबद्दल सांगायला हवं. त्यांना आम्ही दादा म्हणतो. ते लातूरजवळच्या मुरुडच्या बँडमध्ये क्लॅरोनेट मास्तर होते. बँडवाले क्लॅरोनेटच म्हणतात आणि पुढं चालणाऱ्या मुख्य वाजवणाऱ्याला मास्तर. लगीनसराईत वराती, एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुका, उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या रानात मजुरी. आम्ही तिघं भावंडं त्या क्लॅरोनेटवर शिकलो. आम्हाला मात्र त्यांनी तिला कधी हात लावू दिला नाही. हात पुढं केला की म्हणायचे, "पुस्तक धर." पुढं त्यांचे समोरचे दात गेले. वरचे दात नसले की क्लॅरोनेट तोंडात धरता येत नाही, आणि कवळी लावून फुंकावं तर ती जागेवरून हलते. त्यांनी वाद्य निलंग्याच्या एका वाजवणाऱ्याला देऊन टाकलं. त्या दिवसापासून दादांनी काहीही ऐकणं सोडलं. रेडिओ लागला तरी उठून बाहेर जायचे.

आई गेल्यावर ते मुरुडच्या घरात एकटे राहिले. एकदा चक्कर येऊन अंगणात पडले आणि शेजारीण पाण्याला आली तोवर तसेच पडून होते. ते कळल्यावर मी गाडी करून त्यांना नांदेडला आणलं. मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून तिची खोली मी रेकॉर्डची खोली केली होती. त्याच खोलीत दादांची खाट टाकली. मग माझं ऐकणं बंद झालं. संगीत नकोसं झालेल्या माणसाच्या उशाशी आपली भांडणं कोण लावणार?

दादांना करमेना. पहाटे उठायचे, गॅलरीत बसायचे, खालून जाणाऱ्या गाड्या बघायचे. लातूरची एसटी दिसली की ओळखायचे. जेवताना रोज एकच वाक्य, "इथं मला काय काम हाय?" शेवटी त्यांनी ठरवून टाकलं, "येत्या पौर्णिमेला जातो. आपल्या विहारात वंदनेला जावंच लागतं."

मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. पुन्हा चक्कर आली तर? पुन्हा अंगणात पडले आणि शेजारीण त्या दिवशी गावाला गेलेली असली तर? पण "दादा, राहा ना इथंच, मला भीती वाटते" असं सरळ सांगायची आमच्या घरात पद्धत नाही. मी आपला म्हणायचो, "ऊन फार आहे. नंतर बघू."

पौर्णिमा तीन आठवड्यांवर होती, तेव्हाच्या एका रविवारी लातूरचा मित्र आला. दादांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन आला होता. चहा झाल्यावर माझ्या कानाशी लागला, "ती रेकॉर्ड लाव ना. त्यासाठीच आलोय." मी दादांकडं पाहिलं.

"लाव की," दादा म्हणाले. "माझं काय जातंय? पावनं येवढ्या लांबून आलेत."

नेहमीप्रमाणे उठून गॅलरीत जातील असं वाटलं होतं. पण ते खाटेच्या कडेवर बसून राहिले, आणि मला परीक्षेला बसल्यासारखं झालं. खरं सांगतो, दादांनी माझं संगीत ऐकावं आणि बरं म्हणावं, असं मला कित्येक वर्षांपासून वाटत होतं. बायकोनं नावं ठेवली तर मी हसून सोडून देतो. दादांनी ठेवली असती तर मला सोसलं नसतं, म्हणून कधी ऐकवलंच नव्हतं. आणि ही तर क्लॅरिनेटचीच रेकॉर्ड.

सुई टेकली. मित्रानं डोळे मिटले. मी दादांकडं चोरून बघत होतो. आधी ते ताठ बसले. मग गुडघ्यांवरची बोटं हलायला लागली, एकेक चावी दाबल्यासारखी. माझा जीव भांड्यात पडला. मग बोटं थांबली. त्यांनी मान स्पीकरकडं वळवली, कपाळाला आठी घातली आणि बाजू संपेपर्यंत तसेच बसून राहिले.

"कोण वाजवून राहिलं?" त्यांनी विचारलं.

"एक जर्मन माणूस आहे, दादा."

"हात चांगला हाय त्याचा. पर तुझी मशीन हळू चालून राहिली."

मी हसलो. "मशीन चांगली आहे, दादा."

"मशीनचं मला न्हाई कळत. त्याचा श्वास हळू हाय. येवढं लांब वाजवून दम तुटल्यावर माणूस असा श्वास घेतो का, खाटेवर पडल्यावानी? वाजवणारा श्वास चोरतो. ऐकणाऱ्याला पत्ता लागू देत न्हाई."

"काही जण नाकानं श्वास घेत तोंडानं वाजवत राहतात," मी त्यांना शिकवायला लागलो. "त्यांचा रियाजच वेगळा असतो."

"मंग तो श्वास ऐकू कशाला येऊन राहिला?"

मित्रानं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. एवढी वर्षं मी जे कवटाळून बसलो होतो, ज्याच्यावर लेख लिहिला होता, त्यात दादांनी एका मिनिटात बोट घातलं होतं, आणि तेही पाहुण्यासमोर. माझं डोकं फिरलं.

"दादा, हे वरातीतलं वाजवणं नाही," मी म्हणालो. "शिकलेल्या लोकांचं संगीत आहे. तुम्हाला नाही कळायचं."

दादांनी माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. "हाव. बराबर हाय," एवढंच म्हणाले आणि उठून तांब्यातलं पाणी प्याले. मग खुंटीवरची टोपी घेत म्हणाले, "पौर्णिमेपत्तर कशाला थांबू? उद्याच्याच गाडीनं जातो. स्टँडवर टाइम इचारून येतो." आणि गेलेसुद्धा.

मित्रानं पिशवी उचलली. दारात चपला घालताना म्हणाला, "लई चुकलास." मला ते माहीत होतं. बायको भाजी घेऊन आली तेव्हा मी खोलीत डोकं धरून बसलो होतो. तिला सगळं सांगितलं. तिनं पिशवी खाली ठेवली. "ज्यांनी रस्त्यावर चालत फुंकून तुम्हाला शिकवलं, त्यांना सांगता शिकलेल्या लोकांचं?" ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

तरीही माझा हट्ट बघा. दादांचं चुकलंय हे आता मला सिद्ध करायचं होतं. ते सिद्ध झालं तर माझं बोलणं निदान निम्मं तरी माफ होईल, असा काहीतरी हिशेब मनात होता. मी बॅगेतलं प्रयोगशाळेचं भिंग काढलं आणि रेकॉर्डच्या मधला कागद बारकाईनं बघायला लागलो. भोकाच्या कडेला, छपाईचे अंक होते त्यांच्या शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरात ४५ लिहिलं होतं. तो आकडा मी पहिल्या दिवसापासून बघत होतो. त्यांच्या कंपनीचा काहीतरी नंबर असेल असं धरून चाललो होतो.

ज्यांनी जुन्या रेकॉर्ड पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. रेकॉर्ड किती वेगानं फिरवायची ते ठरलेलं असतं, मिनिटाला तेहतीस फेरे किंवा पंचेचाळीस. प्लेअरवर त्यासाठी दोन बटणं असतात. आमच्याकडच्या बाजारात बघून बघून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की सिनेमाची दोन-चार गाणी असलेली छोटी तबकडी पंचेचाळीसची आणि मोठी तबकडी तेहतीसची. माझ्या सगळ्या मोठ्या. त्यामुळं पंचेचाळीसचं बटण मी कधी दाबलंच नव्हतं, त्याच्यावर धूळ बसली होती. युरोपातल्या कुणी मोठी तबकडी पंचेचाळीसवर काढली असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. साधी चाल असलेलं गाणं असतं तर पहिल्याच ओळीला कळलं असतं. अवांगार्दमध्ये कोणाला कळणार? कव्हरवर नुसतं क्लॅरिनेट लिहिलं होतं. आवाज एवढा खोल कसा, म्हणून मीच मनातल्या मनात तिला मोठी क्लॅरिनेट करून टाकलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या मातीचे आकडे काढणाऱ्या माणसानं घरचा एक आकडा तपासला नव्हता.

मी बटणावरची धूळ पुसली आणि ते दाबलं.

वेगळाच माणूस वाजवायला लागला. आवाज पातळ, चपळ, साधी नेहमीची क्लॅरिनेट. चाव्यांची बारीक खटखट ऐकू येत होती. स्वर लांबवत होता, पण जिवाच्या आकांतानं, आणि तुटला की एक चुटपुटता श्वास, घोटभर, लगेच पुढं. त्या माणसाला शांती बिंती काही मिळालेली नव्हती. तो पळत होता. बायको हात पुसत दाराशी आली आणि म्हणाली, "आत्ता कुठं माणूस वाजवतोय असं वाटतं."

मला दादांना बोललो त्याची लाज वाटली, लेखाची वाटली. त्याहून वेगळं एक दुःख झालं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आईच्या आजारपणात ज्या माणसाच्या श्वासाबरोबर मी श्वास घेतला, तो माणूस कुठंच नव्हता. त्याला मीच एक बटण न दाबून तयार केलं होतं. मी खाटेवर बसून थोडा रडलो.

दादा परत आले. "सकाळी साडेसहाची हाय," असं सांगत टोपी खुंटीला लावली.

"दादा, बसा जरा," मी म्हणालो आणि पंचेचाळीसवर रेकॉर्ड लावली. ते बसले नाहीत, उभ्यानंच ऐकलं. दोन श्वास झाले असतील नसतील, त्यांचा चेहरा सैल झाला.

"हाव," ते म्हणाले. "हा हाय त्याचा."

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तसं बोलायला नको होतं."

आमच्या घरात हे वाक्य कोणी कोणाला म्हटलेलं मला आठवत नाही. दादांनाही त्याचं काय करावं ते कळेना. त्यांनी घसा साफ केला, खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "तुला कसं कळंल? तुझा हातच कधी ठिवला न्हाई पाठीवर."

मला समजलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं ते मी या वयात पहिल्यांदा ऐकत होतो. बँडमध्ये नवीन माणूस आला की पहिले पंधरा दिवस त्याच्या हातात वाद्य देत नसत. त्यानं मास्तरच्या मागं चालायचं आणि चालता चालता तळहात मास्तरच्या पाठीवर, बरगड्यांच्या खाली ठेवायचा. मास्तर वाजवत पुढं जाणार. श्वास कधी चोरला हे हाताला कळायला लागलं की मग वाद्य. कानाला ते कळत नाही. कळलं तर मास्तर कच्चा.

"इकडं ये," दादा म्हणाले. "ठिव हात."

मी त्यांच्या मागं उभा राहिलो आणि सदऱ्यावर तळहात ठेवला. पाठ वाळलेली, पण ऊबदार होती. त्यांनी तोंडासमोर दोन्ही हात असे धरले की जणू क्लॅरोनेट आहे, आणि वरातीची एक चाल तोंडानं म्हणत चालायला लागले. कवळीतून निम्मे स्वर फुस्स होत होते. खाटेपासून कपाटापर्यंत आणि परत, ते पुढं, मी मागं. चाल कुठंच तुटत नव्हती. अचानक तळहाताखाली बरगड्या झटकन उघडून मिटल्या.

"हा!" मी म्हणालो.

"चोरला," दादा म्हणाले. "अजून धर."

चार फेऱ्या झाल्या. दोनदा माझ्या हातून सुटला, तेव्हा त्यांनी "ध्यान कुठं हाय?" म्हणून दटावलं. दारात बायको पदर तोंडाला लावून हसत होती. दादांच्या पाठीला याआधी मी कधी हात लावला होता ते मला आठवेना.

थांबल्यावर त्यांना धाप लागली होती. खाटेवर टेकले आणि रेकॉर्डच्या रॅककडं बघत म्हणाले, "ह्या बाकीच्या तपासल्यास का?"

"नाही."

"मंग?"

सकाळी साडेपाचला मला जाग आली तेव्हा ते अंघोळ करून तयार होते. निघालेच, असं वाटून मी घाबरत खोलीत डोकावलो. दादा रॅकपुढं स्टूल घेऊन बसले होते. "चष्मा न्हाई लागत मला ह्याला," म्हणाले. "तू नुसतं लाव."

तेव्हापासून मी ऑफिसला जाण्याआधी एक आणि आल्यावर दोन अशा रेकॉर्ड तपासून होतात. आणखी दोन पंचेचाळीसच्या निघाल्या. एकदा मात्र दादांनी एक रेकॉर्ड हळू आहे म्हणून ठासून सांगितलं आणि ती तेहतीसचीच निघाली. "मंग वाजवणारा म्हातारा असंल," म्हणाले, पण मला मनातून फार बरं वाटलं. चार जणांचं जोरदार भांडण असलेली एक रेकॉर्ड ऐकून बायकोनं कानावर हात ठेवला, तेव्हा दादांनी तिला समजावलं, "भांडण न्हाई बाई ते. मिरवणूक चौकात वळली की म्होरल्याला मागच्याचं ऐकू येत न्हाई. ज्याला त्याला वाटतं, आपलंच बराबर हाय." आता ती कधीकधी भाजीला अर्धा तास उशिरा जाते.

लातूरच्या मित्राला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू ते पंचेचाळीसवर मला ऐकवू नकोस. मी विपश्यनाच ऐकणार." त्याला नावं ठेवायला मला तोंड नाही. दादा संध्याकाळी चालायला गेले की मीही कधीकधी तेहतीसचं बटण दाबतो आणि तो नसलेला माणूस ऐकतो. चूक आहे हे कळलं तरी ते मला आवडतं, त्याला इलाज नाही. एकदा दादा लवकर परत आले आणि दारात उभे राहून त्यांनी ती बाजू पूर्ण ऐकली. मी ओशाळलो. "झोपंला बरं हाय हे," एवढंच म्हणाले.

पौर्णिमेचं मात्र मी त्यांना विचारलं नव्हतं. विचारावं तर ते जातो म्हणतील, या भीतीनं दिवस ढकलत होतो. पौर्णिमा चार दिवसांवर आली तेव्हा एका सकाळी मी चहा घेऊन खोलीकडं गेलो तर आत दादा फोनवर बोलत होते. मुरुडहून काकांचा फोन होता. कधी येतोस म्हणून विचारत असावेत.

"न्हाई रे, पौर्णिमेला न्हाई जमत," दादा सांगत होते. "हितल्याच विहारात जाईन... तब्येत चांगली हाय, तब्येतीचं न्हाई. पोरगं तीनशे तबकड्या घेऊन बसलंय अन् त्याला श्वास कळत न्हाई. आईबी न्हाई ऱ्हायली त्याची आता. येकट्याला कसं सोडू?"

मी कप हातात घेऊन दाराबाहेर उभा राहिलो. फोन ठेवल्याचं कळल्यावर तोंड पुसून आत गेलो. चहा पार गार झाला होता. दादांनी तो तसाच पिऊन टाकला आणि म्हणाले, "लाव."